गारिंचाबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न: वाकड्या पायांच्या उजव्या विंगरची कारकीर्द

वर्ल्ड कप आला की आमच्या कोल्हापुरात अर्धी पेठ पिवळी होते आणि अर्धी निळी-पांढरी. पिवळ्या बाजूच्या पोरांना पेले माहीत असतो, रोनाल्डिन्यो माहीत असतो, नेमार तर असतोच. गारिंचाचं नाव काढलं की मात्र बहुतेक जण गप्प होतात. मी रविवारी सकाळी लहान मुलांना फुटबॉल शिकवतो. विंगवर खेळणाऱ्या प्रत्येक पोराला मी गारिंचाबद्दल सांगतो आणि मग प्रश्नांची रांग लागते. पालक विचारतात, जुने खेळाडूही विचारतात. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत आणि उत्तरं माझ्या परीने दिली आहेत. मी त्याचा चाहता आहे आणि ते उत्तरांत दिसेलच.

गारिंचा म्हणजे नक्की कोण?

ब्राझीलचा उजवा विंगर, म्हणजे मैदानाच्या उजव्या कडेने चढाई करणारा खेळाडू. पूर्ण नाव मानुएल फ्रान्सिस्को दोस सान्तोस. जन्म 28 ऑक्टोबर 1933, मृत्यू 20 जानेवारी 1983. ब्राझीलने 1958 आणि 1962 असे लागोपाठ दोन वर्ल्ड कप जिंकले, त्या दोन्ही संघांत तो होता. 1962 चा तर त्यानेच जिंकून दिला, असं म्हटलं तर फारसं कुणी वाद घालणार नाही. क्लब म्हणाल तर रिओ दी जानेरोचा बोटाफोगो. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची जर्सी, छातीवर एकच चांदणी आणि पाठीवर 7 नंबर. ब्राझीलमध्ये त्याला 'लोकांचा आनंद' म्हणायचे. हे बिरूद पेलेलाही मिळालं नाही.

नाव 'गरिंचा' की 'गारिंचा'? आणि त्याचा अर्थ काय?

आपल्या वर्तमानपत्रांत दोन्ही छापून येतं. रिओचे लोक पोर्तुगीजमध्ये 'गाहिंशा'च्या जवळ जाणारा उच्चार करतात. तिथे 'र' घशातून निघतो आणि 'च'चा 'श' होतो. मराठीत 'गारिंचा' रुळलंय, तेच मी लिहितो.

गारिंचा हा एक इवलासा पक्षी आहे, तपकिरी रंगाचा आणि दिसायला अगदी साधा. मानुएल अंगापिंडाने लहानखुरा होता म्हणून थोरली बहीण रोझा त्याला त्या नावाने हाक मारू लागली. मुलाला पक्ष्यांचं वेडही होतं. रानात हिंडायचं, पाखरं पकडायची, पिंजऱ्यात पाळायची. नाव आयुष्यभर चिकटलं. जवळचे लोक मात्र त्याला 'माने' म्हणत, मानुएलचं लाडाचं रूप.

त्याचे पाय खरंच वाकडे होते का, की ही दंतकथा आहे?

खरंच वाकडे होते. फोटो पाहा, शंका राहणार नाही. उजवा पाय गुडघ्यात आतल्या बाजूला वळलेला, डावा बाहेरच्या बाजूला, आणि डावा उजव्यापेक्षा सुमारे सहा सेंटिमीटर आखूड. म्हणजे दोन्ही पाय एकाच दिशेला, त्याच्या डावीकडे, कमानीसारखे झुकलेले. तो नुसता उभा राहिला तरी आता डावीकडे निघणार असं वाटायचं. पुढचं सगळं समजून घेताना हे लक्षात ठेवा.

त्या पायांनी त्याला मोठं केलं असं लिहिण्याचा मोह अनेकांना होतो. मला ते अर्धवट वाटतं. त्याच पायांनी त्याचे गुडघे तिशीतच झिजवले. ते पुढे येईल.

तो कुठे वाढला?

पाउ ग्रांजी नावाच्या गिरणीच्या गावात, रिओ राज्यातल्या माजे भागात. गाव जवळपास कापड गिरणीचंच होतं. घरं गिरणीची, मैदान गिरणीचं, फुटबॉलचा संघही गिरणीचा. चौदाव्या वर्षी तो तिथे कामाला लागला. कामगार म्हणून यथातथाच होता, डोळा चुकवून झोपायचा, कामाला दांड्या मारायचा. तरी त्याला ठेवून घेत, कारण रविवारी गिरणीच्या संघाला तो लागायचा. एकोणिसाव्या वर्षाच्या आसपास लग्न झालं आणि मुलीही होऊ लागल्या. मोठ्या क्लबात जायची घाई त्याला कधी दिसत नाही. वास्को द गामाच्या चाचणीला गेला तेव्हा बूटच नेले नव्हते म्हणून परत पाठवलं, आणि फ्लुमिनेन्सची चाचणी शेवटची गाडी चुकू नये म्हणून अर्धवट सोडून आला, अशा गोष्टी त्याच्याबद्दल सांगतात.

मग बोटाफोगोत कसा पोचला?

1953 मध्ये कुणीतरी आग्रहाने चाचणीला नेलं. समोर डावा बॅक, म्हणजे त्या कडेचा बचावपटू म्हणून उभा होता निल्टन सान्तोस. हा साधा माणूस नव्हे. ब्राझीलच्या राष्ट्रीय संघाचा बचावपटू, खेळाची इतकी जाण असलेला की लोक त्याला 'विश्वकोश' म्हणत. आणि हा वाकड्या पायांचा गिरणीकामगार आला, थांबला, झुकला आणि निघून गेला. चेंडू निल्टनच्या दोन्ही पायांमधून काढला म्हणतात.

या गोष्टीत मला गारिंचापेक्षा निल्टन सान्तोस जास्त भावतो. नामांकित खेळाडूची अशी फजिती झाली की तो चिडतो, पुढच्या वेळी पायावर पाय देतो. निल्टनने क्लबच्या माणसांना सांगितलं, याला आजच घ्या, हा दुसऱ्या संघात गेला तर मला याच्यासमोर खेळावं लागेल. पुढे दोघांची मैत्री आयुष्यभर टिकली.

जुलै 1953 मध्ये पहिल्या संघाकडून बोन्सुसेसोविरुद्ध तो उतरला आणि तीन गोल केले. सामना 6-3 असा जिंकला.

त्याची ती प्रसिद्ध हुलकावणी नेमकी कशी होती?

हा माझा सर्वांत आवडता प्रश्न, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

उजव्या बाजूच्या रेषेजवळ चेंडू त्याच्याकडे यायचा. तो चेंडू थांबवायचा. अक्षरशः थांबवायचा, आपणही थांबायचा. समोरचा बॅकही थांबायचा. दोघं हातभर अंतरावर उभे. मग गारिंचा कमरेतून, खांद्यातून डावीकडे, म्हणजे मैदानाच्या आतल्या बाजूला झुकायचा. चेंडूला पायही लावायचा नाही, हलायचं ते फक्त अंग. बॅक त्या बाजूला सरकला की उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेने चेंडू पुढे ढकलून हा बाहेरून, रेषेकडून पसार. गोलरेषेपर्यंत धाव आणि तिथून मागे आतला क्रॉस, म्हणजे गोलसमोरच्या साथीदाराकडे चेंडू.

एवढंच. बहुतेक वेळा हीच एक हुलकावणी, नेहमी त्याच बाजूला. ब्राझीलमधल्या प्रत्येक बॅकला माहीत होतं की हा उजवीकडूनच जाणार. प्रशिक्षक आदल्या दिवशी फळ्यावर काढून दाखवत. तरी तो उजवीकडूनच जायचा.

सगळ्यांना माहीत असूनही ती का चालायची?

माझ्या मते तीन गोष्टींमुळे.

पहिली म्हणजे तो उभा राहायचा. आपल्याकडची मुलं चेंडू मिळाला की पळत सुटतात. पळणाऱ्याला अडवणं सोपं, कारण त्याची दिशा ठरलेली असते. उभ्या माणसाला दिशा नसते. बॅकला वाट पाहावी लागते, आणि वाट पाहणारा माणूस शेवटी स्वतःच हलतो.

दुसरी, ते पाय. मी वर म्हटलं तसं, शरीर मुळातच डावीकडे कललेलं. आपल्या डोळ्यांना माणसाच्या गुडघ्यांवरून आणि कमरेवरून दिशा ओळखायची सवय असते. गारिंचाच्या बाबतीत ती सवयच दगा द्यायची. 'हा उजवीकडे जाणार' हे डोक्याला माहीत असलं तरी अंग आधी डोळ्यांचं ऐकतं.

तिसरी गोष्ट पहिल्या पाच-सहा पावलांचा वेग. आत सरकलेल्या बॅकला थांबून, वळून परत बाहेर यायला अर्धा क्षण लागतो. तेवढ्यात हा दोन मीटर पुढे. वीस-पंचवीस मीटरच्या शर्यतीत त्याला धरणारे फार थोडे होते.

मी मैदानावर मुलांना हे करून दाखवायचा प्रयत्न करतो. दोन शंकू ठेवतो, एका पोराला समोर उभं करतो आणि सांगतो, चेंडूला पाय लावायचा नाही, फक्त खांदा टाकायचा. पहिल्या दिवशी कुणालाच जमत नाही, कारण खांद्याबरोबर पाय हलतोच. महिनाभराने एका अकरा वर्षांच्या मुलीला जमलं. समोरचा पोरगा चक्क खाली बसला. तिला स्वतःलाच इतकं नवल वाटलं की ती चेंडू घेऊन पळायचं विसरली.

तो प्रतिस्पर्ध्याला 'जोआंव' का म्हणायचा?

समोर कोण आहे याने त्याला फरक पडत नसे, म्हणून सगळे बॅक 'जोआंव', म्हणजे आपल्याकडचा 'गणपतराव' म्हणा. कितपत तो स्वतः म्हणायचा आणि कितपत पत्रकारांनी चिकटवलं, यावर वाद आहे. पण त्याला समोरच्याचा अपमान करायची हौस होती असं मला वाटत नाही. चकवून पुढे गेलेला गारिंचा कधीकधी परत यायचा आणि त्याच माणसाला पुन्हा चकवायचा, हे खरं. ते खेळाच्या आनंदातून यायचं. 1960 मध्ये फ्लुमिनेन्सविरुद्ध खेळताना समोरचा बचावपटू पिन्येइरो जखमी होऊन पडला. गारिंचाला गोलकडे जायची मोकळी वाट होती. त्याने चेंडू मुद्दाम बाहेर मारला, म्हणजे त्याच्यावर उपचार करता यावेत. फ्लुमिनेन्सनेही थ्रो-इनवर, म्हणजे रेषेवरून हाताने चेंडू आत टाकताना, तो परत दिला. आज ही रीत जगभर आहे.

'ओले' ही आरोळी त्याच्यामुळे सुरू झाली हे खरं का?

ब्राझीलमध्ये तसंच सांगतात. 1958 च्या सुरुवातीला मेक्सिको सिटीत बोटाफोगो आणि अर्जेंटिनाचा रिव्हर प्लेट यांचा सामना झाला. रिव्हरचा वायरो हा अर्जेंटिनाच्या राष्ट्रीय संघाचा बॅक. गारिंचा त्याला पुन्हा पुन्हा चकवू लागला तेव्हा मेक्सिकोचे प्रेक्षक बैलझुंजीतल्यासारखे प्रत्येक हुलकावणीला 'ओले' ओरडू लागले. तेव्हा बोटाफोगोचा प्रशिक्षक असलेल्या जोआंव साल्दान्यामुळे ही हकिकत सर्वांपर्यंत पोचली. सामना मात्र 1-1 बरोबरीत सुटला.

1958 च्या वर्ल्ड कपमध्ये पहिल्या दोन सामन्यांत त्याला का बसवलं?

कारण संघाचे कर्तेधर्ते त्याला बेजबाबदार समजत. स्वीडनला जाण्याआधी इटलीत फ्लोरेन्सला फिओरेन्तिनाविरुद्ध सराव सामना होता. गारिंचाने बचावपटूंना चकवलं, गोलकीपरला चकवलं, समोर गोल रिकामा. तरी तो थांबला. धावत परत आलेल्या बचावपटूला पुन्हा एकदा हूल दिली आणि मग चेंडू आत नेला. सामना 4-0 जिंकला, पण व्यवस्थापकांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

त्यात संघाबरोबर जोआंव कार्वालयास नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांच्या चाचणीत गारिंचाला फार कमी गुण पडले. मोठ्या सामन्याचा ताण याला झेपणार नाही, असा निष्कर्ष निघाला. सतरा वर्षांच्या पेलेबद्दलही त्यांचं मत फारसं वेगळं नव्हतं. ज्या माणसाला कसला ताणच येत नव्हता त्याला ताण पेलणार नाही म्हणणं, याचं मला आजही वाईट वाटतं. कागदावरच्या चाचणीने खेळाडू ओळखता येत नाही, हे आम्ही शिकवणाऱ्यांनी तरी लक्षात ठेवायला हवं.

पहिल्या सामन्यात ऑस्ट्रियाला 3-0 हरवलं, दुसऱ्यात इंग्लंडशी 0-0. आता सोव्हिएत संघ समोर होता. प्रशिक्षक व्हिसेंते फेओला यांनी पेले, गारिंचा आणि झितो तिघांनाही उतरवलं.

'फुटबॉलच्या इतिहासातली सर्वोत्तम तीन मिनिटं' म्हणतात ती हीच का?

हीच. 15 जून 1958, गोथेनबर्ग. शिट्टी वाजली, चेंडू थेट गारिंचाकडे. समोर सोव्हिएत बॅक कुझ्नेत्सोव्ह. एक हूल, दुसरी हूल, आत घुसून फटका, चेंडू खांबाला लागला. लगेच पेलेचा फटका आडव्या दांड्याला. तिसऱ्या मिनिटाला दिदीच्या पासवर वावाचा गोल. सोव्हिएत गोलमध्ये साक्षात लेव्ह याशिन, त्या काळचा नावाजलेला गोलकीपर, उभा होता. फ्रेंच पत्रकार गाब्रिएल आनो यांनी या तीन मिनिटांचं असं वर्णन केलं आणि ते कायमचं झालं. सामना 2-0 संपला.

त्यानंतर गारिंचाला कुणी बाहेर बसवलं नाही. वेल्स 1-0, फ्रान्स 5-2 आणि अंतिम सामन्यात यजमान स्वीडन 5-2. बारीक लक्ष असलेल्यांसाठी एक गंमत: त्या स्पर्धेत त्याच्या पाठीवर 11 नंबर होता आणि डाव्या बाजूच्या झागालोच्या पाठीवर 7. नंबर कसेही वाटले गेले होते. गोलकीपर जिल्मारला तर 3 मिळाला होता.

1962 चा वर्ल्ड कप 'गारिंचाचा' का मानतात?

चिलीत दुसऱ्याच सामन्यात, चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध, पेले जायबंदी झाला आणि स्पर्धेबाहेर गेला. ब्राझीलचे लोक हवालदिल झाले. त्याच्या जागी आलेल्या आमारिल्दोने स्पेनविरुद्ध दोन गोल करून संघ बाद फेरीत नेला, त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. तिथून पुढे गारिंचा वेगळाच माणूस झाला.

आतापर्यंत तो क्रॉस देणारा होता. आता त्याने रेषा सोडली, मधे येऊ लागला, डाव्या पायाने मारू लागला, डोक्याने मारू लागला. उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडविरुद्ध विन्या देल मारला पहिला गोल त्याने कॉर्नरवर हेडरने केला. उंची जेमतेम 1.69 मीटर, आणि आजूबाजूला इंग्लंडचे ताडमाड बचावपटू! दुसऱ्या गोलच्या वेळी त्याची फ्री किक गोलकीपर स्प्रिंगेटच्या छातीवरून उसळली आणि वावाने डोक्याने आत घातली. तिसरा पुन्हा त्याचा, पेनल्टी क्षेत्राच्या बाहेरून वळवलेला फटका. 3-1.

तीन दिवसांनी सान्तियागोत उपांत्य सामना, समोर यजमान चिली. नवव्या मिनिटाला डाव्या पायाचा लांबून फटका, बत्तिसाव्याला पुन्हा हेडर. 4-2. चिलीच्या एका वर्तमानपत्राने मथळ्यात विचारलं की गारिंचा कुठल्या ग्रहावरून आलाय. ज्यांना हरवलं त्यांच्याच गावात असा मथळा छापून येणं, यापेक्षा मोठी पावती नाही.

स्पर्धेत त्याचे चार गोल झाले. चार गोल करणारे सहा जण होते, त्यातला तो एक. सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला.

उपांत्य सामन्यात त्याला बाहेर काढलं होतं ना? मग अंतिम सामना कसा खेळला?

हो. 83 व्या मिनिटाला त्याने चिलीच्या एलादिओ रोहासला लाथ मारली. सामनाभर त्याला लाथा बसत होत्या, पण मारली हे मारलीच. लाल कार्ड तेव्हा अस्तित्वात नव्हतं, पंचांनी हातानेच बाहेरची वाट दाखवली. जाताना प्रेक्षकांतून आलेला दगड डोक्याला लागला.

नंतर चौकशी झाली. ज्या लाइनमनने ती लाथ पाहिली होती तो उरुग्वेचा माणूस चौकशीला हजरच राहिला नाही. ब्राझीलचे पंतप्रधान तांक्रेदो नेव्हेस यांनीही गारिंचासाठी शब्द टाकला होता. शेवटी त्याला खेळायची परवानगी मिळाली. मी त्याचा भक्त असलो तरी हा निर्णय चिलीच्या लोकांना अन्यायाचा वाटला असेल तर त्यांचं चुकलं असं म्हणणार नाही. 17 जूनला अंगात ताप असताना तो खेळला. त्या दिवशी तो फारसा चमकला नाही, पण चेकोस्लोव्हाकियाचे दोन-दोन माणसं त्याच्यामागे अडकून पडली. ब्राझील 3-1.

आणि त्या कुत्र्याची गोष्ट?

इंग्लंडच्या सामन्यात एक कुत्रं मैदानात शिरलं. गारिंचाच्या हातूनही निसटलं. शेवटी इंग्लंडचा जिमी ग्रीव्हज हातापायांवर रांगत गेला आणि त्याने पकडलं. कुत्र्याने त्याच्या जर्सीवरच कार्यभाग उरकला. तोच कुत्रा पुढे गारिंचाला मिळाला आणि तो त्याला घरी घेऊन गेला. नाव ठेवलं 'बी', दोनदा विश्वविजेते झालो त्यातलं 'दोनदा'.

पेले मोठा की गारिंचा?

पेठेतला वाद! पेलेकडे सगळं होतं: दोन्ही पाय, डोकं, ताकद, शिस्त. कारकिर्दीची तुलना केली तर पेलेच मोठा. पण ज्या वर्ल्ड कपमध्ये पेले नव्हता तोही ब्राझीलने जिंकला, गारिंचामुळे. आणि एक आकडा मला फार आवडतो. हे दोघे मिळून ब्राझीलकडून जेव्हा जेव्हा खेळले, त्यातला एकही सामना ब्राझील हरलं नाही. चाळीस सामने, छत्तीस विजय, चार बरोबरी.

गारिंचा स्वतः ब्राझीलकडून 50 सामने खेळला, 12 गोल केले आणि हरला फक्त एकच सामना. तो त्याचा शेवटचा: 15 जुलै 1966, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर हंगेरीकडून 1-3. पेले त्या दिवशी जखमी होता. तीन दिवस आधी त्याच मैदानावर दोघांनी बल्गेरियाविरुद्ध एकेक फ्री किक आत घातली होती, तो त्यांचा एकत्र शेवटचा सामना.

क्लबकडून त्याने काय काय जिंकलं?

बोटाफोगोकडून 1953 ते 1965 अशी बारा वर्षं, सहाशेच्या आसपास सामने आणि दोनशेहून बरेच जास्त गोल. रिओची राज्यस्पर्धा 1957, 1961 आणि 1962 अशी तीनदा. 1957 चा निर्णायक सामना फ्लुमिनेन्सविरुद्ध 6-2, त्यात पाउलिन्यो व्हालेंतिमचे पाच आणि गारिंचाचा एक. 1962 च्या डिसेंबरात फ्लामेंगोविरुद्धचा 3-0 हा माझ्या मते त्याचा क्लबसाठीचा शेवटचा खरा मोठा दिवस.

त्यानंतर कोरिंथियान्स, कोलंबियात थोडकं, फ्लामेंगो आणि 1972 मध्ये ओलारिया. ती यादी वाचवत नाही.

इतका मोठा खेळाडू, मग पैसे कुठे गेले?

फारसे आलेच नाहीत. करार करताना तो कोऱ्या कागदावर सही करायचा आणि आकडा क्लब नंतर भरायचा, असं सांगतात. परदेश दौऱ्यांत गारिंचा खेळणार असेल तर बोटाफोगोला जास्त मानधन मिळायचं. त्यातला त्याचा वाटा मात्र तुटपुंजा. आलेला पैसाही तो मोजत नसे, घरात इकडे तिकडे पडलेला असायचा. पहिल्या बायकोपासून आठ मुली, त्यांचा खर्च, पुढे त्यावरून कोर्टकचेऱ्या. भोळेपणा त्याचा होता हे खरं, पण भोळ्या माणसाच्या सहीवर पैसे कमावणाऱ्यांना मी सहज सोडणार नाही.

त्याची कारकीर्द दारूने संपवली ना?

सगळे असंच म्हणतात आणि मला हे उत्तर अपुरं वाटतं.

दारू होती. वडील दारूडे होते, तोही लहान वयात प्यायला लागला आणि शेवटी दारूनेच गेला. पण खेळाडू म्हणून तो संपला तो गुडघ्यांमुळे. विचार करा, एक आखूड आणि दोन वाकडे पाय. प्रत्येक हुलकावणीत सगळं वजन एका गुडघ्यावर फिरवून झटक्यात उलट दिशेला धाव. सामन्यात असं वीसदा, वर्षात साठ-सत्तर सामने. शिवाय बॅकच्या लाथा. गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांमधली मऊ गादी, झिजत गेली, गुडघ्यात पाणी साचू लागलं. शस्त्रक्रिया करायला हवी होती, पण गारिंचा नसेल तर दौऱ्याचे पैसे कमी. मग पाणी काढायचं, इंजेक्शन द्यायचं आणि उतरवायचं. 1963 पासून तो खेळण्यापेक्षा बाकावरच जास्त होता. शस्त्रक्रिया झाली 1964 मध्ये, तोवर उशीर झाला होता. तीस वर्षांचा माणूस, आणि ती पहिली पाच-सहा पावलं गेली. ती गेली म्हणजे सगळंच गेलं, कारण त्याच्याकडे दुसरा डाव नव्हता.

दुखणारा गुडघा, रिकामे दिवस आणि हाताशी बाटली. काय आधी आणि काय नंतर हे लक्षात घेतलं नाही तर आपण एका जायबंदी कामगाराला नुसता 'दारूडा' म्हणून मोकळे होतो. म्हणूनच आमच्याकडे एखादं पोर गुडघा धरून चालताना दिसलं की अंतिम सामना असो नाहीतर काही, मी त्याला बाहेर बसवतो. पालक रागावतात. रागावू देत.

एल्झा सुआरिस कोण?

ब्राझीलची थोर सांबा गायिका. 1962 च्या सुमारास दोघं जवळ आले. तो तेव्हा विवाहित होता, म्हणून लोकांनी सगळा दोष एल्झाच्या माथी मारला. तिच्या घरावर दगड पडले, तिला नाही नाही ते बोललं गेलं. प्रत्यक्षात त्याची दारू सुटावी म्हणून सगळ्यात जास्त धडपड तिनेच केली आणि घर चाललं तेही तिच्या गाण्यावर. 1969 मध्ये गारिंचा चालवत असलेली गाडी ट्रकवर आदळली आणि एल्झाची आई गेली. त्या धक्क्यातून तो कधी बाहेर आला नाही. त्याचे हात तिच्यावरही उठत, हे लपवून उपयोग नाही. 1977 मध्ये दोघं वेगळे झाले.

निरोपाचा सामना झाला का?

झाला. 19 डिसेंबर 1973, रिओचं मारकाना स्टेडियम. ब्राझील विरुद्ध जगभरातले खेळाडू. सव्वा लाखाहून जास्त लोक आले होते. पेलेसुद्धा खेळला. गारिंचा चाळीस वर्षांचा होता, वजन वाढलेलं. थोडा वेळ खेळला, मग सामना थांबवून मैदानाला फेरी मारली. मिळालेल्या पैशांतून मुलींसाठी घरांची सोय झाली, ही त्या दिवसाची खरी कमाई.

1980 च्या कार्निव्हलमध्ये मांगेरा सांबा मंडळाने त्याला चित्ररथावर बसवलं. तो औषधांनी सुन्न होऊन नुसता बसून होता. ती छायाचित्रं मी मुलांना दाखवत नाही. तीन वर्षांनी, एकोणपन्नासाव्या वर्षी तो गेला. पार्थिव मारकानात ठेवलं होतं, तिथून पाउ ग्रांजीकडे नेताना रस्त्याच्या दुतर्फा माणसंच माणसं होती. राजधानी ब्राझिलियाच्या स्टेडियमला त्याचं नाव आहे आणि 2014 च्या वर्ल्ड कपचे सामने तिथे झाले.

मला त्याचा खेळ पाहायचा आहे. कुठून सुरुवात करू?

1958 चा अंतिम सामना. चित्रफीत जुनी, कृष्णधवल आहे, पण चालेल. चौथ्या मिनिटाला लिडहोल्म स्वीडनला पुढे नेतो. तुम्ही नवव्या मिनिटापर्यंत थांबा. चेंडू उजव्या रेषेजवळ येईल. गारिंचा चेंडूपाशी थबकेल, समोर स्वीडनचा डावा बॅक अ‍ॅक्सबॉम. अंग आत, चेंडू बाहेर, गोलरेषेपर्यंत धाव, मागे आतला क्रॉस, वावा, गोल. आता थेट 32 व्या मिनिटावर जा. तीच रेषा, तीच बाजू, तेच बचावपटू, तीच हूल, तोच क्रॉस, पुन्हा वावा. दोन्ही तुकडे एकापाठोपाठ लावा आणि दुसऱ्या वेळी चेंडूकडे पाहू नका, त्याच्या खांद्याकडे पाहा. मग चप्पल घालून मैदानावर या. शंकू मी आणतो.